मूस

नववी ब. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
खिडकीबाहेर यंत्रमागांची खडखड.
आमच्या विट्यात शांतता झाली
की समजायचं, वीज गेली.

फळ्यावर मी चारच ओळी लिहिल्या.
कवीचं नाव पुस्तकानंही दिलेलं नाही,
खाली नुसतं 'पारंपरिक'.

घातले तू मुशी । आता फुंक देवा ।
हीण जळो, ठेवा । उरो तुझा ॥
भय नाही आगी । भय एक वाटे ।
फुंकता तू कोठे । थांबशील ॥

शब्दार्थ लिहून घ्या, म्हटलं.
मूस : साचा. हीण : भेसळ. ठेवा : साठवलेलं धन.
अठरा वर्षं हेच लिहितोय.
माझं अक्षर आता माझ्या आधी वर्गात पोचतं.

तिसऱ्या बाकावरून उत्कर्षा साळुंखे उठली.
चौथीपर्यंत सालेमला होती,
अजून बेरीज तमिळमध्ये पुटपुटते.
वडील तिकडेच, गलाईच्या दुकानात;
येतात दिवाळीला, नाहीतर कुणी गेलं तर.

"सर, मूस म्हणजे साचा नव्हं.
साच्यात आकार मिळतो.
मुशीत असलेला जातो.
कुणाचं डोरलं, कुणाची अंगठी,
आत गेलं की कुठलं कुणाचं
पप्पांनाबी सांगता येत नाही."

डस्टर सापडेना.
'साचा' मी तळहातानंच पुसला.

मग सूर. कवितेचा सूर कोणता?
अर्धा वर्ग एका दमात : "शरणागतीचा!"
गाईडमध्ये आहे तसाच, उद्गारचिन्हासकट.
उत्कर्षा अजून उभीच होती.
तिला बस म्हणायचं माझ्याकडून राहिलं होतं.

"फुंक थांबली तर काय होतं गं?"
उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारायची
सवय मोडली होती माझी.

"अर्धवट पाघळलेलं तसंच आळतं, सर.
मुशीला धरून बसतं.
एकदा लाईट गेली, ब्लोअर बंद पडला.
पप्पांनी मूसच फोडली.
दुसरं काय करणार?"

जरा थांबून म्हणाली,
"ह्यो काय शरण नाही गेलेला.
घातलंयस ना आत, मग आता मधूनच उठू नको,
असं म्हणतोय.
मम्मी फोनवर असंच बोलते."

मागून कुणीतरी हसलं.
हसू एकट्याचंच राहिलं.

रात्री वही उघडून त्याच चार ओळी वाचत बसलो.
'कोठे' या शब्दाशी अडलो.
'कुठेतरी थांबशील' अशी भीती,
की 'कुठे थांबशील?' असा सवाल?
प्रश्नचिन्ह नाही. तेव्हा ते नसायचंच;
आवाजावरून ओळखायचं.
आणि आवाज तर गेला,
मागे शब्द ठेवून.

कपाटात माझा एक प्रबंध आहे,
भक्तिकाव्याच्या शब्दकळेवरचा.
तीन प्रकरणं झाली, चौथ्याला आळला.
मार्गदर्शक वारले, मग बदली, मग मुलीचं लग्न.
फाईल उचलून बघितली.
जड लागली. परत ठेवली.

चाचणीत उत्कर्षानं लिहिलं :
'सूर : दम देण्याचा, पण रडवेला.'
नमुना उत्तरात असलं काही नाही.
दोनपैकी दोन दिले, आणि शाई वाळेपर्यंत
पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नववी अ.
त्याच चार ओळी, तीच खडखड.
मूस, मग दोन टिंबं, आणि खडू थांबला.

"कुणाकुणाचे वडील गलाईला आहेत?"

आधी एक हात. मग खिडकीकडचे तीन.
मग एकमेकांकडे बघत बघत
चौदा.